एमएस्सी झूलॉजीच्या मुलांना स्टॅटिस्टिक्स शिकवायचंय, सुरुवात कुठून करू?

खाडीकाठची:

नमस्कार मंडळी, मी रत्नागिरी जिल्ह्यात एमएस्सी झूलॉजीला शिकवते. यंदा बायोस्टॅटिस्टिक्स आणि डेटा ॲनालिसिसचा पेपर माझ्याकडे आलाय, आठवड्याला दोन तास, पंधरा आठवडे, म्हणजे कागदावर तीस तास, पण गणपतीची सुट्टी आणि पावसातले लाइट गेलेले दिवस धरले तर पंचवीसच समजा. मुलं २२, लॅबमध्ये चालू कॉम्प्युटर ८, नेट असलं तर असलं.

बहुतेकांनी अकरावीतच गणित सोडलेलं आहे, त्यामुळे सिग्मा दिसला की मान खाली जाते. तरी पेपरपुरतं पाठ करतात हो, मीन, एसडी, काय-स्क्वेअर सगळं वहीत सुंदर सोडवलेलं असतं, मार्कही पडतात. पण प्रोजेक्ट आला की डेटा गोळा करून झाल्यावर माझ्याकडे येतात आणि पहिलाच प्रश्न, "मॅडम, याला कुठली टेस्ट लावू?"

गेल्या वर्षीची एक मुलगी डोक्यातून जात नाही. दोन खाड्यांमधल्या तिसऱ्यांची, म्हणजे खायच्या शिंपल्यांची, तुलना करत होती, पाच महिने चिखलात उतरली, शेकड्यांनी शिंपले मोजले, प्रत्येकाची लांबी व्हर्नियरने, अक्षर तर मोत्यासारखं. मी तारखा बघितल्या तर एका खाडीचं सगळं सॅम्पलिंग उधाणाच्या ओहोटीला आणि दुसरीचं भांगाच्या, कारण तिला कॉलेजमधून सुटून पोचायला त्याच वेळा जमायच्या. म्हणजे एका ठिकाणी पाणी खूप खालपर्यंत ओसरलेलं, तिथल्या खालच्या पट्ट्यातल्या तिसऱ्या हाताला लागल्या, दुसरीकडे तो पट्टा पाण्याखालीच. आता लांबीत जो फरक दिसतोय तो खाडीचा का भरती-ओहोटीचा, ते कुठल्याही टेस्टने सुटणार नाही. मी तिच्यासोबत संध्याकाळी सातपर्यंत बसले आणि शेवटी हेच सांगावं लागलं. ती काही बोलली नाही, वही मिटून बॅगेत ठेवली. त्या मुलीची चूक नव्हती, तिला हे आधी कुणी शिकवलंच नव्हतं.

म्हणून विचारतेय. हाताने गणितं करून घ्यावीत का नाही? एक्सेल, का आर हे स्टॅटिस्टिक्सचं सॉफ्टवेअर, का आणखी काही? आणि पुस्तकातला तो आयरिस फुलांचा डेटा वापरावा का, तीन जाती, प्रत्येकी ५० फुलं, सगळीकडे तोच असतो, पण आमच्या मुलांनी ते फूल कधी पाहिलेलं नाही.

---

दापोली_निवृत्त:

मॅडम, तुमची पोस्ट दोनदा वाचली. मी कृषी संशोधनात तीस वर्षं फिल्ड ट्रायल्स केल्या, त्यामुळे माझं सांगणं शेताच्या अंगाने जाईल, पण रोग एकच आहे.

पहिले चार तास टेस्टचं नाव काढू नका. एकच प्रश्न विचारत राहा, "तुझा नग कोणता?" हापूसचं उदाहरण द्या, इथल्या पोराला लगेच कळतं. एका झाडावर एक फवारा मारला, शेजारच्या झाडावर दुसरा, दोन्हीकडचे तीस-तीस आंबे कापून साका, म्हणजे आतला खराब झालेला गर, किती ते बघितलं. पोरगा म्हणतो माझे साठ नग झाले. नाही झाले बाबा. फवारा झाडावर मारलास, आंब्यावर नाही, म्हणजे एकेका फवाऱ्याचा एकच नग आहे, आणि एका झाडाला समुद्राचा वारा लागतो, दुसरं गोठ्याच्या मागे आहे, एक आजोबांनी लावलेलं, एक काकाने. तीस काय तीनशे आंबे कापलेस तरी झाड एकच राहणार. याला स्यूडोरेप्लिकेशन म्हणतात, हर्लबर्ट नावाच्या इकॉलॉजिस्टने १९८४ साली त्यावर मोठा लेख लिहिला, आपण मराठीत खोटा नग म्हणू. वेळासला कासवांच्या घरट्यांवर काम करणाऱ्या पोरांनाही हेच लागू, एका घरट्यात शंभराच्या आसपास अंडी असतात पण आई एक, वाळू एक, खड्डा एक. घरट्यांची तुलना करायची असेल तर नग घरटं, अंडं नव्हे.

दुसरं सॅम्पलिंग. आंब्याची पेटी घेताना नुसता वरचा थर बघून कोण घेतो का? खालचाही काढून बघतो. रँडम सॅम्पल म्हणजे काय हे पोराला पेटीवरून सांगा, व्याख्येवरून नको.

तिसरं ब्लॉक. आपल्याकडे जमीन सपाट कुठे असते, वर कातळ, खाली माती जाड आणि ओल जास्त. सगळे जुने वाण वर आणि नवे खाली लावले तर नवा जिंकणारच. म्हणून उताराला आडवे पट्टे पाडायचे, प्रत्येक पट्ट्यात सगळे वाण, आणि पट्ट्याच्या आत कोण कुठे ते चिठ्ठ्या टाकून ठरवायचं. तुमच्या त्या मुलीच्या बाबतीत भरती हाच उतार होता. एकाच उधाणात लागोपाठच्या दोन दिवशी दोन्ही खाड्या, आणि आधी कुठली ते नाणं उडवून, एवढं केलं असतं आणि असे पाच-सहा उधाणं धरले असते तर तिचा डेटा उभा राहिला असता.

हे सगळं फिशर या स्टॅटिस्टिशियनने इंग्लंडात रोथॅमस्टेडच्या संशोधन केंद्राच्या शेतावर बसवलं, तो तिथे १९१९ साली गेला. तोच फिशर १९३८ साली कलकत्त्याला पहिल्या इंडियन स्टॅटिस्टिकल काँग्रेसमध्ये म्हणाला होता की प्रयोग संपल्यावर स्टॅटिस्टिशियनकडे जाणं म्हणजे त्याला पोस्टमॉर्टेम करायला सांगणं, फार तर तो प्रयोग कशाने मेला एवढं सांगेल. आपल्या देशात येऊन सांगून गेला, आणि आपण अजून पोरांना टेस्टपासून शिकवतो याचं वाईट वाटतं.

हाताने गणित एकदा जरूर करून घ्या, पण पाच आकड्यांवर. पन्नास आकड्यांवर नको, तिथे डोकं बेरजेत जातं आणि अर्थ सुटतो.

---

मालवण_जेटी:

काकांशी पूर्ण सहमत. मी फिशरीजवाला, माझा आग्रह एकच, आयरिस नको, बांगडा घ्या.

१ ऑगस्टला बोटी सुटल्या की जेटीवर जा, वेगवेगळ्या बोटींचा मिळून पन्नासेक बांगडा आणा, लॅबमध्ये ट्रेवर मांडा आणि मुलांना लांबी-वजन घ्यायला लावा. पण एक करा, तेच दहा मासे दोन वेगळ्या गटांना द्या आणि एकमेकांचे आकडे दाखवू नका. एक गट शेपटीच्या टोकापर्यंत मोजेल, दुसरा शेपटीच्या खाचेपर्यंत, कुणी मासा वाकडा धरेल, कुणी ओला मासा तसाच काट्यावर ठेवेल, आणि फळ्यावर दोन्ही आकडे शेजारी लिहिले की वर्ग शांत होतो. मासा तोच आणि आकडा वेगळा! व्हेरिएशन म्हणजे काय ते तिथे कळतं, आणि मोजायची पद्धत आधी लिहून का ठेवायची तेही.

मग ग्राफ. आधी ग्राफ, टेस्ट नंतर, कायम. लांबी आडवी, वजन उभं, ठिपके टाकले की रेष सरळ येत नाही, वर वळते. का? कारण मासा नुसता लांब होत नाही, रुंदही होतो, जाडही होतो. १५ सेंटिमीटरचा मासा २४ चा झाला तर लांबी १.६ पट, पण वजन साधारण चौपट, १.६ तीनदा गुणून बघा. हे मुलांनी हातात मासा धरून पटवून घेतलं की मग लॉग घ्यायला सांगा, लॉग घेतल्यावर तेच ठिपके सरळ रेषेत येतात आणि त्या रेषेचा चढ तीनच्या आसपास निघतो. लॉग कशासाठी घेतात हे मला स्वतःला एमएफएस्सीला बांगड्यावरच कळलं, त्याआधी लॉग म्हणजे टेबल बघायची गोष्ट होती.

आणि जेटीवर जाताना एक सांगा, मासा निवडून झाल्यावर क्रेटमधून घेऊ नका. मोठा एका क्रेटमध्ये, मध्यम दुसऱ्यात, बारीक तिसऱ्यात, कुठल्या क्रेटमधून घेतलात त्यावर तुमचं ॲव्हरेज ठरणार. निवडायच्या आधी घ्या. तरीसुद्धा जाळ्याच्या आसातून बारीक मासा सुटून गेलेलाच असतो, तेव्हा तुमच्या ट्रेमधला बांगडा म्हणजे समुद्रातला बांगडा नव्हे, त्या जाळ्याला लागलेला बांगडा. हे वाक्य प्रोजेक्टमध्ये लिहायला लावा.

---

चिपळूणचा_कोडर:

मी मूळचा चिपळूणचा, आता पुण्यात जीनोम डेटावर काम करतो, झूलॉजीच केलंय. वरच्या दोघांचं पटतंय पण एक गोष्ट कुणी बोललं नाही, ती म्हणजे डेटा लिहिणार कसा.

मुलांच्या एक्सेल फाइली बघितल्यात का? एका ओळीत दोन साइट, मध्ये मर्ज केलेले सेल, पिवळा रंग म्हणजे पावसात घेतलेलं सॅम्पल, आणि रंगाचा अर्थ फक्त त्या मुलालाच माहीत. नेरिटा या गोगलगायीचं नाव एकदा कॅपिटलने, एकदा स्मॉलने, एकदा मागे स्पेस ठेवून, सॉफ्टवेअरला त्या वेगवेगळ्या जाती वाटू शकतात. रिकामा सेल म्हणजे शून्य सापडले का मोजलंच नाही, ते सहा महिन्यांनी त्यालाही आठवत नाही. आणि सगळ्यात वाईट म्हणजे एक्सेल स्वतःहून तारखा करतं, साइज क्लास १०-१२ असं टाइप केलं की त्याची तारीख होऊन बसते. हे नवशिक्यांचंच होतं असं नाही, माणसाच्या जीन्सची नावंसुद्धा मार्च-वन, सेप्ट-टू अशी होती त्यांच्या एक्सेलमध्ये तारखा व्हायच्या, जगभर पेपर्सच्या याद्यांमध्ये त्या चुका गेल्या, आणि शेवटी २०२० मध्ये नावं ठरवणाऱ्या समितीने जीन्सचीच नावं बदलली.

तर एक अख्खा तास यावर द्या. एक ओळ म्हणजे एक नग, एक कॉलम म्हणजे एक गोष्ट, रंग नाही, मर्ज नाही, मूळ फाइलला हात लावायचा नाही, कॉपीवर काम करायचं. ज्याला एक ओळ कशाची हे ठरवता येत नाही त्याला नग कोणता तेच ठरवता आलेलं नाही, म्हणजे काकांचाच मुद्दा कॉम्प्युटरवर परत येतो बघा.

आणि मी म्हणेन आर पहिल्या दिवसापासून. फुकट आहे, ऑकलंडच्या रॉस इहाका आणि रॉबर्ट जेंटलमन या दोन प्राध्यापकांनी शिकवायला आणि कामाला म्हणूनच बनवायला घेतलं होतं. इन्स्टॉलर आणि लागणारी पॅकेजेस पेन ड्राइव्हवर ठेवा, नेट लागत नाही. मुख्य फायदा म्हणजे काय काय केलं ते लिहिलेलं राहतं, एक्सेलमध्ये कुठलं बटण दाबलं ते कुणाला आठवतंय?

जाता जाता, जेनेटिक्सचा भाग शिकवत असाल तर लिंकेज मॅपिंगमध्ये, म्हणजे क्रोमोसोमवर जीन्समधलं अंतर काढताना, कोसंबी फंक्शन येतं. ते आपले दामोदर धर्मानंद कोसंबी, जन्म गोव्यात कोसबेंचा, १९०७ चा. पोरं सॉफ्टवेअरमध्ये कोसंबी सिलेक्ट करतात आणि कुणी जपानी माणूस समजतात. याच किनाऱ्यावरचा माणूस आहे, सांगा त्यांना, मला सांगितलं असतं तर मी ते प्रकरण आवडीने वाचलं असतं.

---

दापोली_निवृत्त:

कोडरभाऊ, डेटा लिहिण्याबद्दल शंभर टक्के. पण आर पहिल्या दिवसापासून नको असं माझं स्पष्ट मत. आधीच आकड्याची भीती, त्यात कंस विसरला म्हणून लाल अक्षरात एरर, पोरगं दोन भीत्या घेऊन घरी जातं. पाच आठवडे वही, पेन्सिल, ग्राफपेपर. मग आर. स्वतःच्या बांगड्याचा ग्राफ हाताने काढलेल्या पोराला तोच ग्राफ आरमध्ये दोन ओळींत आला की आनंद होतो, त्या आनंदावर पुढचं शिकणं होतं.

---

चिपळूणचा_कोडर:

पाच आठवडे जास्त होतात काका, तीस तासांतले दहा गेले. तीन करा. आणि ज्यांना कोड अजिबात झेपत नाही त्यांच्यासाठी जामोवी ठेवा, आतून आरच आहे पण माउसने चालतं. डायव्हर्सिटी इंडेक्सला, म्हणजे जातींची विविधता एका आकड्यात मांडायला, सगळे पास्ट नावाचं सॉफ्टवेअर वापरतात, तेही हलकं आणि फुकट, जुन्या कॉम्प्युटरवर पळतं. फक्त त्यातलाच शॅनन इंडेक्स दोन साइटचा काढला, एक २.१ आला, एक १.९, आणि पहिली साइट समृद्ध असं लिहून मोकळे, हे थांबवा. एकेका क्वाड्रॅटचा, म्हणजे मोजणीच्या चौकटीचा, वेगळा काढून त्यात किती वर-खाली होतंय ते आधी बघायला पाहिजे.

---

सड्यावरची_सोनकी:

मी शिकवत नाही, दोन वर्षांपूर्वी एमएस्सी झाले, देवगडची. विद्यार्थिनीच्या बाजूने लिहू का?

आमच्या बॅचला पी-व्हॅल्यू म्हणजे "०.०५ पेक्षा कमी आली की चांगलं" एवढंच माहीत होतं. स्टुडंट्स टी टेस्ट म्हणजे विद्यार्थ्यांनी करायची सोपी टेस्ट असं मला खरंच वाटायचं. मग सरांनी सांगितलं की गॉसेट नावाचा माणूस डब्लिनला गिनेसच्या बिअरच्या कारखान्यात होता, त्याला थोड्याच नमुन्यांवरून निर्णय घ्यायचे असायचे, आणि १९०८ साली त्याने तो पेपर स्टुडंट या टोपणनावाने छापला. मला ते ऐकून एकदम जवळचं वाटलं, कारण आमच्याकडेही नमुने थोडेच असायचे.

पण खरी गोष्ट पुढे आहे. सरांनी एक दिवस सूप आणलं, घरी तांदूळ पाखडायला असतं तसं, आणि दोन खाड्यांच्या तिसऱ्यांचे शिंपले, पाच इकडचे, पाच तिकडचे, प्रत्येकावर लांबी मिलिमीटरमध्ये लिहिलेली. दोन्हीच्या ॲव्हरेजमध्ये ४ मिलिमीटर फरक होता. सर म्हणाले, समजा खाडीने काहीच फरक पडत नाही, म्हणजे कुठला शिंपला कुठल्या खाडीचा हे लेबल बिनकामाचं आहे, मग लेबलं विसरा. सगळे दहा सुपात घातले, घोळवले, न बघता पाच उचलले, ॲव्हरेजचा फरक काढला, फळ्यावर एक ठिपका. परत घोळवले. आम्ही वीस जण, प्रत्येकी दहा वेळा, दोनशे ठिपके, शिंपल्यांचा तो खळखळ आवाज अजून कानात आहे. शेवटी सरांनी विचारलं, चार किंवा त्याहून जास्त फरक, कुठल्याही बाजूला, किती वेळा आला? मोजले तर नऊ. दोनशेत नऊ. सर म्हणाले हीच तुमची पी-व्हॅल्यू, साधारण ०.०४५, निव्वळ घोळवण्याने एवढा फरक किती वेळा पडतो ते. माझ्या मागे बसलेली मैत्रीण, जी वर्षभर "माका कायच कळाक नाय" म्हणायची, ती म्हणाली, सर एवढंच होतं होय!

मग सरांनी सगळे बाजूला ठेवून फक्त सहा शिंपले घेतले, तीन-तीन. सहातून तीन उचलायचे प्रकार फक्त वीस होतात. म्हणजे इकडचे तिन्ही मोठे आणि तिकडचे तिन्ही लहान, इतका टोकाचा निकाल आला तरी तो आणि त्याच्या बरोबर उलटा धरून विसात दोन, ०.१. त्याच्या खाली जायची सोयच नाही! मान-व्हिटनी या टेस्टचंही तसंच, तीन-तीन असले तर ०.०५ गाठताच येत नाही. चार-चार घेतले तर प्रकार सत्तर होतात, सत्तरात दोन म्हणजे ०.०२९, पाच-पाचला दोनशे बावन्न. आणि आम्ही सगळेच प्रोजेक्टला तीन-तीन रेप्लिकेट घेणार होतो, कारण सीनियर्सनी तीन घेतले होते. त्यात माझे तर तीनही नव्हते, मी खाडीच्या पाण्याचा डिझॉल्व्ह्ड ऑक्सिजन काढत होते, एका ठिकाणची एकच बाटली आणि त्याचं विंकलर टायट्रेशन, म्हणजे ऑक्सिजन मोजायची रासायनिक पद्धत, तीन वेळा, आणि वहीत एन बरोबर तीन. त्या दिवशी कळलं की ती माझ्या ब्यूरेटची परीक्षा होती, खाडीची नव्हती. वेळेत कळलं म्हणून प्लॅन बदलला, प्रत्येक ठिकाणी सहा बाटल्या, दोन-दोन टायट्रेशनची ॲव्हरेज.

तर मॅडम, तुमच्याकडे शिंपले आहेतच. त्या मुलीने मोजलेलेच वापरा ना, तिची हरकत नसेल तर. तिचं काम वाया गेलं असं तिला वाटत असेल, ते तसं राहायला नको.

---

खाडीकाठची:

सगळ्यांचे मनापासून आभार, आणि सोनकी, तुझं शेवटचं वाक्य वाचून मी त्या मुलीला लगेच फोन केला. ती आता रत्नागिरीतच नोकरीला आहे. म्हणाली शिंपले अजून घरी डब्यात आहेत, खाडीप्रमाणे वेगळे, आणि पहिल्या तासाला ती स्वतः येते म्हणाली, तारखांची वही घेऊन. मुलांनीच ती वही बघून काय चुकलं ते शोधायचं, मी बोलणार नाही.

मी असं ठरवलंय. पहिले दोन आठवडे नग, पेटी, उतार आणि ती वही. तिसऱ्याला जेटी आणि बांगडा, ग्राफ हाताने. चौथ्याला सूप. मग डेटा लिहिण्याचा तास आणि तिथून आर, म्हणजे काकांच्या पाच आणि कोडरच्या तीनच्या मध्ये बसतंय. ८ कॉम्प्युटरवर २२ मुलं म्हणजे तिघं-तिघं, एकाने टाइप करायचं, एकाने सांगायचं, एकाने वहीत लिहायचं, आणि दर तासाला जागा बदलायची. टी टेस्ट, अनोव्हा, काय-स्क्वेअर, रिग्रेशन एवढंच घेणार, पीसीए (बरेच कॉलम एकत्र बघायची पद्धत) वगैरे यंदा सोडतेय, सिलॅबसमध्ये आहे म्हणून एक तास तोंडओळख. आणि सगळ्यात महत्त्वाचं, प्रोजेक्टचा प्लॅन एका पानावर, सॅम्पल घ्यायच्या आधी, त्यात नग कोणता, किती, कुठल्या भरतीला आणि ग्राफ कसा दिसेल त्याचं रिकामं चित्र. ते पान सही झाल्याशिवाय कुणी चिखलात उतरायचं नाही. डिपार्टमेंटमध्ये बोलले, दोघांनी नाराजी दाखवली की वेळ जाईल, पण मी यावर ठाम आहे.

एक बारीक शंका, शिंपल्यांवर नंबर मार्करने घालू का? सुपात घासून पुसले जातील ना?

---

मालवण_जेटी:

मार्कर पुसतो, आणि बाटलीत स्पिरिटमध्ये ठेवायचे असतील तर अजिबात नको, शाई सुटते. शिंपल्याच्या आतल्या पांढऱ्या बाजूला पेन्सिलने लिहा, साधी एचबी. बाटलीतली चिठ्ठी पण पेन्सिलनेच, आणि चिठ्ठी बाटलीच्या आत, झाकणावर नको, झाकणं बदलतात.

बांगड्याला कधी जाताय ते कळवा, त्या दिवशी रत्नागिरीला असलो तर मिरकरवाड्याच्या जेटीवर येतो, बोट लागताना निवडायच्या आधी मासा कसा मागायचा ते दाखवतो. पहाटे साडेपाचला पोचलं पाहिजे.